कम्हेलिगच्या चर्चची किल्ली

२ ऑगस्ट, शनिवार

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पोरींनी निरोपाच्या दिवशी ही वही दिली. पोरी म्हणजे सगळ्या पन्नाशीच्या. "ओल्वेन, आता वेळच वेळ आहे, लिही काहीतरी," म्हणाल्या. अकरा मुलांसाठी शाळा चालवणं परवडत नाही म्हणून जुलैत शाळेला कुलूप लागलं. मला काही फरक पडत नाही. बावीस वर्षं बटाटे सोलले, पुष्कळ झालं. आज सकाळी मात्र हाताला सवय म्हणून पातेलंभर सोलले. मॉस्टिन मेंढ्यांना बघून आत आला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, "कोण कोण येणार आहे जेवायला?" नवरे असंच बोलतात.

लिहायला निमित्तही मिळालं. काल चर्चच्या बैठकीत मला कारभारीण केलं. केलं म्हणजे काय, रेव्हरंड प्रॉसर म्हणाले, "कुणी तयार आहे का?" तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझी एकटीचीच मान वर राहिली. रेव्हरंड बिचारे सात चर्चं सांभाळतात, रविवारी एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. ऑक्टोबरात आर्चडीकन येणार आहेत. बिशपच्या खालोखाल मोठा माणूस. सातांपैकी कुठली ठेवायची आणि कुठल्यांना टाळं लावायचं, हे ते ठरवणार.

म्हणजे शाळेनंतर आता चर्च. कम्हेलिगच्या या खोऱ्यात उद्या कुलपांचं दुकान काढलं तर बरं चालेल.

इव्हर बफ्टन बैठकीला आलेच नाहीत. अडतीस वर्षं तेच कारभारी आहेत, अजूनही आहेत, मी नुसती जोडीला. वय त्र्याऐंशी. संध्याकाळी आताशा घराबाहेर पडत नाहीत म्हणे. बैठका काय पहाटे घ्यायच्या?

६ ऑगस्ट, बुधवार

किल्ली आणायला गेले होते. चर्चला एकच किल्ली, वीतभर लांबीची, लोखंडी, आणि ती बफ्टनच्या कोटाच्या खिशात. रोज सकाळी नवाला ते दार उघडतात, दुपारी जेवायला घरी जातात, पाचाला येऊन बंद करतात. मी दोन-तीन महिन्यांत कागदपत्रं, सामान, नोंदवह्या सगळं ठाकठीक करायचं, तर त्यांच्या वेळापत्रकाने करायचं का?

बागेच्या फाटकाशी उभे होते. मी नवा हिरवा कोट घालून अगदी समोर जाऊन उभी राहिले, हसले, तरी चेहरा दगडासारखा. मी "गुड मॉर्निंग, मिस्टर बफ्टन" म्हणाले तेव्हा कुठे, "अच्छा, हेमरांची ओल्वेन होय!" जणू मी तिथे नव्हतेच.

"किल्ली हवी होती. रेव्हरंडांनी सांगितलंय."

"दार उघडंच असतं की दिवसभर."

"मला सकाळी सातला काम करायचं असलं तर?"

"सातला देव पण उठलेला नसतो कम्हेलिगमध्ये. नऊला ये."

"एक दिवस द्या, दुसरी करून घेते."

"पोरी, ही किल्ली बाईसाहेबांनी चर्च बांधलं तेव्हाच्या लोहाराने केलीये. तिची दुसरी होत नाही."

असं म्हणून खिशावर हात ठेवून उभे राहिले. (बाईसाहेब म्हणजे इथल्या जुन्या जमीनदारीणबाई, केव्हाच वारल्या.) मी त्यांच्या मुलीच्या वर्गात होते, म्हणून साठीला टेकले तरी मी पोरीच.

१० ऑगस्ट, रविवार

उपासनेला नऊ जण. त्यांत एक जोडपं खालच्या कुरणातला पडका मठ बघायला आलेलं, पाऊस लागला म्हणून आत शिरलेलं.

शास्त्रपाठ बफ्टननी वाचला. वाचला म्हणजे ठोकून दिला. पुस्तकाकडे एकदाही पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघून घडाघडा म्हणत होते. नंतर मी पुस्तक उचलून ठेवायला गेले तर ते उलटं! इतका दिमाख? पाठ आहे हे आम्हाला कळावं म्हणून उलटं पुस्तक धरायचं? बेरिल मँटलला सांगितलं. ती पेटी वाजवते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती सुरावटीच्या पुस्तकांत डोकं खुपसून म्हणाली, "आवाज मात्र काय खणखणीत आहे ना अजून?" विचारलं काय आणि बोलते काय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नोंदवही पाहिली. अरे देवा. दर रविवारी तारीख, कोण पाद्री, किती माणसं, एवढंच लिहायचं असतं. बफ्टनचं जुनं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. पण गेल्या दीड वर्षाची पानं बघवत नाहीत. एका ओळीवर दुसरी ओळ, एक तारीख समासात चढलेली, एक थेट मधल्या शिवणीत घुसलेली. इस्टरची नोंद तर गेल्या नाताळाच्या पोटात.

घरी येऊन मॉस्टिनला म्हणाले, "बफ्टन पितात."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या अक्षराने."

मॉस्टिन बुटांच्या नाड्या सोडत राहिला. "तू सोड ना त्यांना," एवढंच म्हणाला. पुरुष पुरुषांची बाजू घेतात. आर्चडीकनने ही वही उघडली की चर्च गेलंच म्हणून समजा.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज भांडण झालं. वेदीच्या पायऱ्यांपाशी फुलांची पितळी घडवंची असते, ती मी उजेडात आणून मधल्या वाटेच्या तोंडाशी ठेवली. डेलिया इतके सुंदर आलेत, दिसायला नकोत? बफ्टन आले, तरातरा चालत गेले आणि धाडकन घडवंचीवर. पाणी, फुलं, पितळ, सगळं फरशीवर.

"कुणी हलवलं हे?" मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"मी. फुलं दिसावीत म्हणून."

"या चर्चमध्ये काही हलवायचं नाही! अडतीस वर्षं जे जिथे आहे ते तिथे राहील!"

मला रडू आलं, पण ते घरी येऊन. तिथे मी म्हणाले, "चर्च तुमच्या मालकीचं नाही, मिस्टर बफ्टन." ते गुडघ्यावर बसून हाताने फरशी चाचपत फुलं गोळा करत राहिले. डेलियाचं एक फूल त्यांच्या बुटाशीच पडलं होतं, ते मुद्दाम उचललं नाही. मीच उचललं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

रेव्हरंड प्रॉसरना पत्र लिहिलं. तीन पानी. किल्ली, नोंदवही, घडवंची, आणि मद्याचा संशय. 'अत्यंत दुःखाने कळवावे लागते' अशी सुरुवात केली. दुःख खरंच होतं, पण लिहिताना थोडं बरंही वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

लगेच जाऊन टपालपेटीत टाकलं.

७ सप्टेंबर, रविवार

दुपारी कपडे वाळत घालताना खालच्या कुरणात बफ्टन दिसले. मठात. आमच्या परसातून सगळा मठ दिसतो. आता उरलंय काय तिथे, माणसाच्या कमरेएवढ्या भिंती, खांबांचे बुंधे, आणि त्यांच्या सावलीत आमच्या मेंढ्या. बफ्टन एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्याकडे जात होते. प्रत्येकावर हात ठेवायचे, थांबायचे, पुढच्याकडे. ओठ हलत होते. एक प्रवासी बाई त्यांचा फोटो काढत होती. आता साधूमहाराजांचं सोंगही! पण खरं सांगते, ऊन होतं, गवत कापलेलं होतं, आणि तो म्हातारा तसा चालताना इतका निवांत दिसत होता की मी चादर हातात धरून बघतच राहिले. मग आठवलं की मी त्यांच्यावर रागावले आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज फार छान दिवस. चर्चमध्ये चहाचा कोपरा केला! रेव्हरंड म्हणालेच होते, चर्चचा लोकांना काही उपयोग होतो असं आर्चडीकनना दिसलं पाहिजे. मठ बघायला इतकी माणसं येतात, त्यांना कपभर चहा मिळत नाही. शाळेचं मोठं चहाचं भांडं मी उचलून आणलं होतं. (विचारून. बहुतेक.) बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळचा आखूड बाक जागेवरून सरकवून दाराच्या आतल्या बाजूला आडवा लावला, त्याच्या मागे टेबल, वर निळ्या चौकड्यांचं कापड. बाक एकटीने ढकलला, अर्धा तास लागला. बावीस वर्षं पातेली उचललेले दंड आहेत. चारला घरी आले. बफ्टन पाचाला बंद करायला येतील तेव्हा बघतील आणि आरडाओरडा करतील. करू देत.

तव्यावर वेल्श केक केले, साठ. शिकवावं लागत नाही हाताला.

१४ सप्टेंबर, रविवार

बफ्टनना दिसत नाही.

हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल. काल साडेपाचला मॉस्टिन वरच्या रानातून येत होता, चर्चचं दार सताड उघडं दिसलं. आत बफ्टन माझ्या बाकापाशी फरशीवर बसलेले, पाठ टेबलाला, उजवा हात मांडीवर. मनगट मोडलंय. कपाळाला चार टाके. माझं चौकड्यांचं कापड डोक्याला बांधून मॉस्टिनने त्यांना हेरफर्डच्या इस्पितळात नेलं.

परत आला तेव्हा मी दारातच उभी होते. म्हणाले, "बाक दिसला कसा नाही? एवढा मोठा!"

मॉस्टिन खुर्चीत बसला. "ओल्वेन, त्यांना दोन वर्षं झाली. दिसत नाही. समोरचं काहीच नाही, कडेकडेने थोडं धुरकट."

"तुला कसं माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"बेरिलला?"

"बेरिलला पहिल्यांदा."

"रेव्हरंडना?"

तो बुटांच्या नाड्या सोडायला वाकला. मी विचारलं, मग मलाच का नाही कुणी सांगितलं? त्यावर हा माणूस, चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलेला, म्हणतो, "तुला सांगितलं असतं तर तू त्यांची काळजी घ्यायला लागली असतीस."

याचा अर्थ काय, मला अजून कळलेला नाही. काळजी घेतली तर वाईट काय? जळलं मेलं.

उलटं पुस्तक. फुलं. फरशीवर फिरणारा तो हात. आज उपासनेला मी गेले नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मटणाचा रस्सा घेऊन त्यांच्याकडे गेले. दारात पाऊल टाकलं तोच आतून आवाज, "ये ओल्वेन. डावा पाय अजून घासत चालतेस, शाळेत होतीस तशीच."

मी माफी मागितली. तीनदा घोकलेली होती, तरी अर्धीच आली. म्हणाले, "बाक छान जड आहे. ओक आहे तो. हाडाने सांगितलं."

"तुम्ही मला का सांगितलं नाहीत?"

त्यांनी टेबलाची कड चाचपली. मग म्हणाले, "सांगितलं की ते खरं होतं. मग ग्लेनिस स्विंडनहून गाडी घेऊन येते." ग्लेनिस म्हणजे त्यांची मुलगी, माझ्या वर्गातली. "तिच्या घरी मला वेगळी खोली आहे, गालिचा आहे, टीव्ही आहे. चांगली पोरगी आहे. पण तिथे मी आंधळा असेन. इथे फाटकापासून चर्चपर्यंत दोनशे बारा पावलं, भिंतीला हात लावून. चर्चमध्ये तर हातही लागत नाही. मठातला एकेक दगड मी ओळखतो. अख्ख्या दुनियेत दोनच जागा आहेत, ओल्वेन, जिथे मला डोळे लागत नाहीत."

मी चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. चिडले. "डावा हात आहे की मला. बशी कुठे आहे तेवढं सांग."

निघताना त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे हात केला. "खिशात आहे. घेऊन जा. तुझीच आता."

घेतली. इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस मी नवाला दार उघडलं आणि पाचाला लावलं. बाक ओढून मूळ जागी नेला. फरशीवर पायांचे चार फिकट ठसे होते, त्यांत नेमका बसवला. चहाचं टेबल पेटीमागे, जिथून कुणी चालत नाही.

एकटीने चर्चमध्ये बसून पाहिलं. शांत आहे. फार शांत आहे. काल बफ्टनकडे डोकावले तर ते कोट घालून खुर्चीत बसलेले, घरातल्या घरात, सकाळचे साडेनऊ. निघायच्या तयारीत आणि जायला कुठे नाही. ते मला चांगलं ठाऊक आहे कसं असतं. म्हणजे, कल्पना करता येते.

आज जाऊन किल्ली त्यांच्या खिशात परत टाकली. म्हणाले, "हे काय?" म्हटलं, "सकाळी नऊला मी चर्चच्या पायरीवर असते. उघडायला या. एक मिनिट उशीर चालणार नाही."

२२ सप्टेंबर, सोमवार

बफ्टन सव्वाआठला हजर. मीच उशिरा पोचले.

रेव्हरंड प्रॉसर आले होते. मी लाजत लाजत म्हणाले, माझं ते पत्र कृपा करून फाडून टाका. "पत्र? कुठलं पत्र, मिसेस हेमर?" अगदी भोळा चेहरा. म्हणजे पोचलंच नाही! टपालखात्याचा काही भरवसा राहिला नाही. देवच पावला म्हणायचं.

८ ऑक्टोबर, बुधवार

शनिवारी आर्चडीकन. त्याच दिवशी लडलोच्या इतिहास मंडळाची बस येणार, सव्वीस माणसं, मठ आणि चर्च बघायला. ही युक्ती माझी. हेरफर्डचे एक निवृत्त प्राध्यापक त्यांना सगळं समजावून सांगणार आहेत, त्यांची फी मंडळ देणार. आर्चडीकनना गर्दी दिसेल, विद्वान दिसेल, चहा दिसेल.

बफ्टनना म्हटलं, तुम्ही पुढच्या बाकावर बसा, नुसते बसा, कुणाला काही कळणार नाही. "बरं," म्हणाले. फार गरीबपणे म्हणाले. मला वाटतं त्यांना आवडलं.

जुन्या नोंदी मी आता स्वच्छ उतरवते आहे. ते बाजूला बसून सांगतात, तेवीस फेब्रुवारी, पाच माणसं आणि बेरिलचं कुत्रं. सगळं तोंडपाठ. एकही रविवार चुकला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल लिहायला बसले आणि वहीवरच झोपले. आता सावकाश लिहिते.

शनिवारी सकाळी पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. धुकं. आमचं धुकं म्हणजे धुकं. मला परसातली दोरी दिसेना, मठ कुठला दिसायला. दहाला प्राध्यापकांचा फोन: खिंडीतून माघारी फिरतोय, क्षमस्व. बस मात्र खालच्या रस्त्याने निघाली होती, ती गोगलगायीसारखी सरपटत साडेदहाला दारात. पाठोपाठ रेव्हरंडांची गाडी, आत आर्चडीकन. उंच, बारीक, चष्म्यावर दव.

सव्वीस माणसं चर्चच्या दारात उभी. खाली कुरणाकडे बघतायत आणि समोर दुधाची भिंत. एक बाई म्हणाली, "एवढं लांब आलो ते याच्यासाठी?" दुसरा म्हणाला, "निदान चहा तरी घेऊन निघू." आर्चडीकननी घड्याळ पाहिलं. वाटलं, प्राध्यापकांच्या जागी मीच काहीतरी सांगावं. मठाच्या शेजारी जन्म गेला माझा, आणि मला सांगता येईल असं एवढंच, की आमच्या मेंढ्यांना तिथलं गवत आवडतं.

तेव्हा पुढच्या बाकावरून बफ्टन उठले. हात गळ्यातल्या झोळीत. मधल्या वाटेने सरळ चालत दारात आले.

"मठ बघायचाय ना? चला. एकमेकांचे कोट धरा, शाळेतल्या पोरांसारखे. ओल्वेन, तू माझा धर."

मी कानात म्हणाले, "मिस्टर बफ्टन, नको. खाली ओढा आहे, घसरण आहे."

"ओढा कुठे आहे ते मला सांगू नकोस."

निघालो. त्यांचा कोट मी धरलेला, माझ्या कोटाचा पट्टा आर्चडीकननी, त्यांच्यामागे बाकीचे. शेवटी मॉस्टिन, कुणी गळालं तर उचलायला. मला माझे स्वतःचे पाय दिसत नव्हते. चौथ्या मिनिटाला बफ्टन थांबले, माझा हात ओढून एका दगडावर ठेवला.

"हा पहिला खांब. असे चौदा या बाजूला, चौदा त्या बाजूला. एकेकाने पुढे या, हात फिरवा. हातमोजे काढा, हातमोज्यांना काय कळतंय?"

सव्वीस माणसांनी हातमोजे काढले. लडलोची शिष्ट माणसं!

मग ते एकेका दगडापाशी नेत गेले. हा बघा, ही कड खडबडीत आणि भुरभुरीत लागते, इथे आग लागली होती, दगड भाजलाय. ही पायरी मध्ये खोलगट आहे, बोट घाला. पहाटे दोनच्या प्रार्थनेला झोपेतून उठून मठवासी याच पायरीवरून उतरायचे, साडेतीनशे वर्षं. "आणि एकालाही दिवा परवडत नव्हता. सगळे अंधारातच." दगडावर हात फिरण्याचा आवाज तेवढा येत होता, आणि मेंढ्या खोकत होत्या.

आर्चडीकननी विचारलं, "मिस्टर बफ्टन, तुम्हाला या धुक्यात दिसतंय तरी कसं?"

माझ्या हातातला कोट ताठ झाला. मी तो घट्ट धरला.

"मला दिसत नाही, साहेब," बफ्टन म्हणाले. "तुम्हालाही दिसत नाही. फरक एवढाच की मला सवय आहे."

आर्चडीकन हळूच म्हणाले, "पुढे न्या."

शेवटी आम्हाला वर चढवून त्यांनी चर्चच्या दारापाशी आणलं. दाराच्या चौकटीच्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, एका दगडाकडे आर्चडीकनचा हात नेला. तो माणूस चक्क वाकला. "काय लागतं?"

"खूण आहे. बाणासारखी."

"मगाशी सहाव्या खांबावर हीच लागली होती. ज्या गवंड्याने तो खांब घडवला त्याचीच ही सही. बाईसाहेबांनी चर्च बांधलं तेव्हा गवंड्यांनी खालचे पडके दगड वर आणले. लोक म्हणतात, जुना मठ मोडला आणि हे नवं चर्च आलं. मोडलं काही नाही, साहेब. वर सरकलं."

या दारातून मी साठ वर्षं आत-बाहेर केलंय. त्या दगडाला हात लावायला मीही खाली बसले.

मग चहा. साठ वेल्श केक, शिवाय मनुकांचा पाव, शिवाय हॅमचे सँडविच. एवढं करून ठेवलंस कुणासाठी, असं मॉस्टिन सकाळी म्हणाला होता. एकही उरला नाही! मी भांड्यापाशी उभी राहून कप भरत होते आणि सव्वीस माणसं ओरडत होती, इकडे साखर, इकडे दूध. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. गर्दीमुळे असेल.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पत्र आलं. मी ते चर्चच्या पायरीवर बसून बफ्टनना वाचून दाखवलं. सातांपैकी तीन चर्चं बंद होणार. कम्हेलिग पाच वर्षं चालू राहील, मग पुन्हा विचार. आमच्या आनंदात त्या तीन चर्चांचं काय, असं मनात आलंच. तिथेही कुणीतरी ओल्वेन असेल. पुढे लिहिलंय की नोंदवहीवर यापुढे मिसेस हेमरनी सही करावी. आणि तळाशी हाताने एक ओळ: पुन्हा यायचं आहे, ऊन असलं तरी चालेल.

"पाच वर्षं," बफ्टन म्हणाले. "मी अठ्ठ्याऐंशीचा होईन."

"मी चौसष्टची."

"मग तू लहानच आहेस अजून."

त्यांनी आज संध्याकाळीच ग्लेनिसला फोन करून स्वतःच सांगितलं. ती रडली, मग ओरडली, मग म्हणाली की नाताळात येते आणि सगळं बघते. सोबत अट: रोज कुणीतरी त्यांच्याकडे डोकावलं पाहिजे. मी म्हटलं, मी डोकावते, मला काय, वेळच वेळ आहे. बफ्टन म्हणाले, "एकदा. दिवसातून एकदा. आणि बश्या हलवायच्या नाहीत."

२३ नोव्हेंबर, रविवार

प्लास्टर निघालं. उपासनेला अकरा जण. लडलोची दोन माणसं मुद्दाम आली होती, हातमोजे काढून खालच्या मठातून आलेली, हात गारठलेले.

सगळे गेल्यावर मी नोंद लिहिली. तारीख, रेव्हरंड प्रॉसर, अकरा. बफ्टन दक्षिणेकडच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून होते. सूर्य डोंगराआड जायच्या बेतात, तीन वाजले असतील. या दिवसांत तेवढा अर्धा तासच ऊन आत येतं.

"ऊन आलंय," म्हणाले. "गालाला लागतंय. रंग कुठे पडलाय गं?"

मी मान वर केली. खिडकीच्या रंगीत काचेतल्या संत पीटरचा लाल झगा बाकाभर सांडला होता. "तुमच्या हातावर."

"कुठल्या?"

"डाव्या. मागच्या बाजूला, बोटांवर. लाल आहे."

"वाढवून सांगू नकोस."

"नाही हो. लाल आहे, कडेला थोडा निळा."

त्यांनी हात सावकाश उलटा केला, तळवा वर. "आता?"

"आता तळहातावर."

बोटं जरा मिटली, मग पुन्हा उघडली. बाहेर मॉस्टिनने हॉर्न वाजवला, जेवण निवत होतं. मी वही मिटून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि रंग सरकत मनगटापर्यंत गेला, मग बाहीवर, ते मी त्यांना सांगत राहिले.